‘आधी काय शोधून पाहिलंत?’ : आमच्या युनिव्हर्सिटी लायब्ररीच्या चॅटविषयी

गुरुवारी रात्री आठ-चाळीसला मी लायब्ररीच्या वेबसाइटवरचं ते कोपऱ्यातलं चॅटचं निळं बटण पहिल्यांदा दाबलं, ते फुकटात पीडीएफ मिळतील या आशेने. शुक्रवारी दुपारी बारापर्यंत दहा संदर्भांची यादी द्यायची होती. माझ्याकडे दोन होते, त्यातला एक वर्तमानपत्रातला. मी लिहिलं, ‘महाराष्ट्रातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनांवर रिसर्च पेपर हवे आहेत. कृपया पाठवा.’ वाण्याकडे अर्धा किलो साखर मागावी तसं.

मिनिटाभरात समोरच्या ग्रंथपाल बाईचं उत्तर आलं. हाय-हॅलो झालं आणि लगेच प्रश्न : ‘आधी कुठे आणि कोणते शब्द टाकून शोधून पाहिलंत?’

डोकंच सटकलं. आपल्याकडे हा प्रश्न विचारतात तो माणसाला कटवायला. मी बीड जिल्ह्यातल्या माजलगावची. जिथे एमएसडब्ल्यू केलं त्या कॉलेजात (नाव सांगत नाही, अजून ओळखीपाळखी आहेत) कपाटांपर्यंत जायची सोयच नव्हती. खिडकीत चिठ्ठी द्यायची, मामा आत जाऊन यायचे आणि ‘बाहेर गेलंय’ म्हणायचे. बारा ऑगस्टला ग्रंथपाल दिन असायचा. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या फोटोला हार, फळ्यावर रंगीत खडूने त्यांचे १९३१ चे पाच नियम. चौथा नियम ‘वाचकाचा वेळ वाचवा’. आणि कार्यक्रमासाठी त्या दिवशी लायब्ररी बंद.

तर अशा ठिकाणाहून आलेली मी. अकरा वर्षं आरोग्याचं काम करणाऱ्या एका संस्थेत होते, मग नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत. एकोणचाळिसाव्या वर्षी इथल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पब्लिक हेल्थला प्रवेश घेतला. वर्गातली पोरं माझ्या भाच्यांच्या वयाची. लायब्ररीच्या काउंटरवर जाऊन इंग्रजीत प्रश्न विचारायचं धाडस नव्हतं, चॅटमध्ये निदान वाक्य खोडून पुन्हा लिहिता येतं. माझ्यासारख्या किती तरी जणी या एकाच कारणासाठी ते बटण दाबत असतील, अशी मला दाट शंका आहे.

दोन सेमिस्टरमध्ये मी ही सेवा सोळा वेळा वापरली. इकडे शिकायला येणाऱ्या आपल्या मुलामुलींना ती माहीतच नसते, माहीत असली तरी ‘वेबसाइट अडली तर विचारायची जागा’ एवढीच वाटते, म्हणून हा परीक्षणाचा खटाटोप.

त्या रात्रीकडे परत येते. मी जरा फणकाऱ्यानेच लिहिलं, ‘पबमेडवर शुगरकेन वर्कर्स टाकलं. सगळी मूत्रपिंडं येताहेत.’ पबमेड म्हणजे वैद्यकीय लेख शोधायची साइट, आणि तिथे खरंच तसं होत होतं. निकाराग्वा, एल साल्वादोर, ग्वाटेमाला. तिकडच्या ऊसतोड मजुरांना उन्हात राबून होणारा किडनीचा आजार, पानंच्या पानं. बीडचा पत्ता नाही.

ती म्हणाली, ‘छान, म्हणजे शोध चालतोय, फक्त दुसरीकडे चाललाय. आता एक करा. ॲडव्हान्स्डवर जा, खाली तुमच्या शोधांची यादी दिसेल, त्यात डिटेल्सचा बाण आहे तो उघडा. काय दिसतंय ते मला लिहून पाठवा.’

उघडला. मी एक शब्द टाकला होता, पबमेडने त्याचा परिच्छेद केला होता. त्यात मध्येच ‘सॅकॅरम’. हे काय? तर उसाचं वनस्पतिशास्त्रातलं नाव. तिने लिहिलं, ‘तुम्ही माणसं शोधत होतात. मशीनने सोबत गवतही शोधलं.’

ऊस हे गवतच, हे शाळेत शिकलेली मी खुर्चीत एकटीच हसले. आयुष्यात पहिल्यांदा मला कळलं की सर्चच्या खिडकीत आपण जे टाकतो ते आणि यंत्र जे शोधतं ते एकच नसतं, आणि त्याने काय शोधलं ते उघडून बघता येतं. ही गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. ओरिएंटेशनच्या दिवशी दीडशे जणांना बसवून स्लाइड दाखवल्या होत्या, त्यात कदाचित असेलही. पण त्या दिवशी माझा प्रश्न नव्हता ना! शुक्रवारी बाराची टांगती तलवार असताना, माझ्याच उसावर, माझ्याच स्क्रीनवर दाखवलं तेव्हा ते डोक्यात गेलं.

पुढचा प्रश्न तर फारच भारी होता. ‘या ऑपरेशनला तिथल्या बायका काय म्हणतात?’

मी लिहिलं, ‘पिशवी काढली म्हणतात.’ पिशवी म्हणजे बॅग, हेही समजावलं. ती म्हणाली, हा शब्द पबमेडमध्ये चालणार नाही, पण हाताशी ठेवा, मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासात सापडू शकतो. मग तिने मला कागदावर तीन रकाने आखायला लावले. बायका काय म्हणतात, वर्तमानपत्र काय म्हणतं, डॉक्टर काय म्हणतात. वर्तमानपत्राच्या रकान्यात २०१९ साली इंग्रजी बातम्यांमधून फिरलेलं ‘गर्भाशय नसलेल्या बायकांची गावं’ हे शीर्षक गेलं. डॉक्टरांच्या रकान्यात हिस्टेरेक्टॉमी. मग मजुरांचे तीन रकाने : आमच्याकडे ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी, बातमीत ‘केन कटर’, आणि आरोग्याच्या जर्नलमध्ये ‘हंगामी स्थलांतरित शेतमजूर’. मी अकरा वर्षं मुकादम, उचल, खाडा हे शब्द बोलत काम केलं. पाळीच्या दिवसांत कामावर गेलं नाही तर खाडा, खाड्याचे पैसे कापले जातात, म्हणून ‘एकदाचं काढून टाका’ हा सगळा हिशोब मला तोंडपाठ. पण त्याच माणसांना जर्नलच्या भाषेत काय म्हणतात ते मला येत नव्हतं. म्हणजे विषय मला येत होता, त्याचं परकं नाव येत नव्हतं.

आठ-पंचावन्नला तिने सांगून टाकलं की नऊला तिची ड्यूटी संपते. एका मजकुरात पुढच्या दोन पायऱ्या लिहून दिल्या, चॅटची प्रत ईमेलवर कशी घ्यायची ते सांगितलं, आणि ‘अडलात तर सकाळी ईमेल करा’. एकही पीडीएफ पाठवली नाही! मी रात्री सव्वापर्यंत बसले आणि सात संदर्भ काढले. दहा नाही झाले. प्रोफेसरांनी सात चालवून घेतले.

हे काही त्या बाईच्या एकटीच्या स्वभावाचं कौतुक नाही, हे मला नंतर समजलं. या धंद्यात त्याला रेफरन्स इंटरव्ह्यू म्हणतात, आणि ते शिकवलं जातं. वाचक पहिल्यांदा जे विचारतो ते त्याला हवं असतंच असं नाही, हे गृहीतच धरलेलं असतं. वाचकाला नुसतं पुस्तक न देता मदत करावी, हे मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टरच्या सॅम्युअल ग्रीन नावाच्या ग्रंथपालाने १८७६ साली मांडलं होतं. अमेरिकन लायब्ररी असोसिएशन स्थापन झाली तेच वर्ष. दीडशे वर्षं जुनी खोड आहे ही. उत्तर द्यायचं की उत्तर काढायला शिकवायचं, हा त्यांच्यातला जुना वाद. कॉलेज-विद्यापीठांच्या लायब्ऱ्यांचा कौल दुसऱ्या बाजूला, असं सोळा चॅटनंतर मला वाटतं. चॅट करताना समोरचा माणूस दिसत नाही, म्हणून ‘अजून इथेच आहे, बघतेय’ असं मधून मधून लिहीत राहायचं, काय करतोय ते बोलून दाखवायचं, हेही त्यांच्याकडे ठरलेलं आहे. मला सुरुवातीला ते फोनवरच्या ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’सारखं वाटायचं. आता त्याची सवय झाली आहे, उलट दोन मिनिटं काही आलं नाही की मीच अस्वस्थ होते.

आता तक्रारी. आहेत, आणि बऱ्याच आहेत.

रात्री नऊनंतर आणि शनिवार-रविवारी तेच निळं बटण चालू असतं, पण पलीकडे आपल्या लायब्ररीचं माणूस असेलच असं नाही. बऱ्याच लायब्ऱ्या मिळून पाळ्या वाटून घेतात, त्यामुळे दुसऱ्याच राज्यातलं कुणी बसलेलं असतं. एका रविवारी मला लेख उघडेना. लिंक दाबली की लॉगिन, लॉगिन केलं की पुन्हा लॉगिन. प्रॉक्सी, म्हणजे घरून लेख उघडू देणारी लायब्ररीची लॉगिनची व्यवस्था, बिघडली होती, एवढंच. पलीकडच्या गृहस्थांना आमची लॉगिनची व्यवस्था माहीत नव्हती, आणि माहीत नाही म्हणायच्या ऐवजी त्यांनी मला शोधाचे शब्द अँड, ऑर, नॉटने कसे जोडायचे ते शिकवायला घेतलं. दोन वर्तुळं एकमेकांत अडकवलेलं ते चित्रसुद्धा पाठवलं. अहो, मला लेखाचं नाव माहीत आहे, लेखक माहीत आहे, पान क्रमांक माहीत आहे. दार उघडत नाहीये! शिकवायची हौस असावी, पण कुलूप अडकलेल्या माणसाला कुलपाचा इतिहास सांगू नये. त्या दिवशी वीस मिनिटं गेली आणि शेवटी ‘सोमवारी तुमच्या लायब्ररीला कळवतो’ एवढंच हाती आलं. कळवलं मात्र होतं, सोमवारी दहाला ईमेल आला.

दुसरी तक्रार वेळेची. काही मिनिटं काही लिहिलं नाही तर चॅट आपोआप बंद होतो. कुकरची तिसरी शिट्टी झाली म्हणून मी उठले, डाळ उतरवली, परत येईपर्यंत ‘हे संभाषण संपले आहे’. प्रत घ्यायची राहून गेली, नवीन माणसाला पहिल्यापासून सगळं सांगितलं. तेव्हापासून सुरुवातीलाच ‘मध्येच उठावं लागेल, घरात लहान मूल आहे’ असं लिहून टाकते. मग ते ईमेलवर पुढे चालवतात. हे आधी सांगितलं असतं तर!

तिसरी, आधीच टाइप करून ठेवलेले मजकूर. मोठा गठ्ठा एकदम येऊन पडला की ओळखावं. त्यातल्या सूचना बरोबर असतात, पण दुसऱ्या कुणाच्या तरी प्रश्नाला लिहिलेल्या असतात. बारा ओळींत माझा ऊस कुठेच नसतो.

पण शिकवणं जमलं तर काय होतं त्याचा आणखी एक नमुना सांगते, कारण याच्यामुळे माझा पूर्ण पेपर बदलला. फेब्रुवारीत मी विचारलं, पबमेडमध्ये बीडवर एवढं कमी का? चॅटवर त्या दिवशी एक तरुण मुलगा होता. त्याने विचारलं, ‘या विषयावर कोण लिहील असं तुम्हाला वाटतं? आणि ते कुठे छापतील?’ शब्दांचं काही नाही, माणसांचं विचारलं. मी विचार करून लिहिलं : मजुरीवर अभ्यास करणारे अर्थशास्त्रज्ञ, स्त्रियांच्या चळवळीतले लोक, सरकारी समित्या. लिहिता लिहिता माझंच मला उमगलं. हे लोक डॉक्टरी जर्नलमध्ये कशाला लिहितील? ते मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीत लिहितील, जे १९६६ पासून निघतंय, आमच्या संस्थेत त्याचे गठ्ठे दोरीने बांधून माळ्यावर ठेवलेले असायचे, आणि जे पबमेडमध्ये फारसं सापडत नाही. त्याने सांगितलं की जेस्टोर या जर्नलांच्या ऑनलाइन साठ्यावर त्याचे जुने अंक आहेत आणि आपल्या लॉगिनने उघडतात.

समित्यांचं वेगळंच. २०१९ साली विधान परिषदेच्या नीलम गोऱ्हे यांच्या समितीपुढे आलेले आकडे मला माहीत होते : बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी, त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं. पण मी ते बातमीतून उचलले होते. मुलाने विचारलं, ‘बातमीने हा आकडा कुठून घेतला? तिथपर्यंत जाता येईल का?’ आणि दुसरं, ‘या आकड्याची तुलना कशाशी करणार?’ राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, पिशवीच्या ऑपरेशनचा प्रश्न थेट विचारलेला आहे, हे मला संस्थेतल्या कामामुळे ठाऊक होतं. त्याने फक्त ते दोन आकडे शेजारी ठेवायला लावले, आणि वयोगट एकच आहे का तेवढं आधी तपासा म्हणाला. प्रोफेसरांनी नेमकं तेच विचारलं पुढे.

तो मुलगा स्वतः बीड नकाशावर दाखवू शकला नसता. त्याची गरजही नव्हती. त्याला विषय येत नाही आणि मला शोध येत नाही, हे दोघांनाही मान्य असलं की चॅट छान चालतो. ज्यांना वाटतं की समोर सर्वज्ञ बसलेला आहे, त्यांची निराशा होईल.

एकदा मी लबाडी केली, तीही सांगून टाकते. एआयकडून पाच संदर्भ काढले, दिसायला एकदम चोख. त्यातला एक सापडेना म्हणून तो चॅटवर चिकटवला आणि ‘हा मिळवून द्या’ म्हटलं. कुठून आणला हे लिहिलं नाही. पहिल्या रात्रीचीच मॅडम होती. ‘हा खोटा आहे’ असं तिने म्हटलं नाही. म्हणाली, ‘जर्नलच्या साइटवर जा, तो खंड उघडा, तो अंक उघडा, त्या पान क्रमांकावर काय आहे ते सांगा.’ मी गेले. त्या पानांवर भलत्याच देशातल्या लसीकरणावरचा भलताच लेख होता. मी बराच वेळ काही लिहिलं नाही. तिने लिहिलं, ‘हल्ली असे बरेच येतात. उरलेले चार आपण सोबत बघायचे का?’ बघितले. त्यातले दोन खरे निघाले. ओरडली असती तर मी पुन्हा तिकडे फिरकले नसते.

सेमिस्टरच्या शेवटी मराठी अहवाल संदर्भांत घालायची वेळ आली. संदर्भ लिहायच्या एपीए पद्धतीत देवनागरी शीर्षक रोमन लिपीत लिहायचं आणि पुढे चौकटी कंसात इंग्रजी अर्थ द्यायचा, एवढं चॅटवरच्या मॅडमने लगेच सांगितलं. पण ‘ऊस’ रोमनमध्ये कसा लिहायचा? मी डबल ओ लावला. तिने कॅटलॉगची पद्धत दाखवली. अमेरिकेतल्या लायब्ऱ्या मराठी पुस्तकांची नावं ज्या ठरावीक तक्त्याने लिहितात त्यात शब्दाच्या शेवटचा ‘अ’ही लिहावा लागतो. म्हणजे कामगार तिथे के-ए-एम-ए-जी-ए-आर-ए. देशपांड्यांच्या ‘देश’मध्येही एक जास्तीचा ए. आपण जसं बोलतो तसं टाइप केलं की पुस्तक नाहीच असं दिसतं, आणि असतं मात्र कपाटात!

इथे मी तिला शिकवलं, म्हणजे मराठीत तो शेवटचा ‘अ’ कुणी उच्चारत नाही हे. तिला ते माहीत नव्हतं. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्लीत १९६२ पासून ऑफिस आहे आणि तिथून मराठी पुस्तकं इकडे येतात, हे तिने सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. फिट्टंफाट.

वापरणाऱ्यांसाठी दोन-चार गोष्टी. सोमवार ते गुरुवार दुपारी दोन ते पाच उत्तम. तेव्हा आपलीच माणसं असतात आणि रांग नसते. परीक्षेच्या आठवड्यात नादच सोडा. नुसतं लॉगिन अडलं असेल तर पहिल्याच ओळीत ‘मला फक्त हा लेख उघडायचा आहे, शोध नको’ असं स्पष्ट लिहा, म्हणजे वर्तुळं टळतात. शोध शिकायचा असेल तर पबमेड, जेस्टोर जे काय असेल ते दुसऱ्या खिडकीत उघडं ठेवून बसा आणि ती सांगेल ते तेव्हाच करून बघा. नंतर करू म्हटलं की होत नाही. इंग्रजीची भीड बाळगू नका, त्यांना मोडकं चालतं. प्रत ईमेलवर घ्याच. माझ्याकडे सोळापैकी चौदा प्रती आहेत, एक कुकरने खाल्ली आणि एक माझ्या आळसाने.

विद्यार्थी नसलात तरी आमच्या लायब्ररीत चॅटवर कुणी ओळखपत्र मागत नाही, फक्त पैसे भरून घेतलेले डेटाबेस तुम्हाला उघडणार नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसची ‘आस्क अ लायब्रेरियन’ सेवाही सगळ्यांना खुली आहे, माजलगावहूनसुद्धा लिहिता येतं.

आठवड्यातल्या दुपारच्या चॅटला पाचपैकी पाच. रात्री नऊनंतरच्या आणि शनिवार-रविवारच्या चॅटला अडीच, तेही सोमवारी सकाळी आलेल्या त्या ईमेलमुळे. माझं लॉगिन ऑगस्टमध्ये बंद होतंय आणि इंटरलायब्ररी लोनने, म्हणजे दुसऱ्या लायब्ररीतून, मागवलेलं एक पुस्तक अजून यायचंय. शीर्षक शेवटचा ‘ए’ लावूनच टाकलं होतं.